किशोरवयातील अस्थिधातू : केवळ प्रवाळाने भागणार नाही

शालान्त परीक्षांचा हंगाम संपला की आमच्या चिकित्सालयात तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलामुलींची वर्दळ वाढते. कोणाची पाठ दुखते, कोणाच्या पिंढऱ्या रात्री ठणकतात, कोणाचे गुडघे जिना चढताना भरून येतात. सोबत आलेल्या पालकांची मागणी बहुधा ठरलेली असते, ‘‘डॉक्टर, हिला काहीतरी कॅल्शियमचे द्या. पण आयुर्वेदिकच द्या.’’ ही मागणी कानी पडताच आपल्यापैकी अनेकांचा हात सवयीने प्रवाळपिष्टी, लाक्षादि गुग्गुळ किंवा अस्थिशृंखलेच्या वटीकडे जातो. आमचाही जात असे. औषधविक्रेत्या बंधूंच्या दुकानात तर ग्राहकाने मागितले आणि डबी पुढे सरकवली, एवढ्यावरच व्यवहार आटोपतो.

या सवयीविषयी आम्हांस येथे चार शब्द लिहावयाचे आहेत. कोणावर टीका करणे हा या लेखाचा हेतू नाही. ज्या चुकीतून आम्ही शिकलो ती आमचीच आहे आणि ती सांगूनच आरंभ करणे आम्हांस उचित वाटते.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी पंधरा वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली. दोन्ही मांड्या, कंबर व पाठ यांत सतत मंद वेदना, लवकर येणारा थकवा आणि अभ्यासात लक्ष न लागणे अशी तिची तक्रार होती. देह कृश, त्वचा रूक्ष, मलप्रवृत्ती अनियमित. आम्ही अस्थिगत वाताचे निदान केले. लाक्षादि गुग्गुळ, प्रवाळपिष्टी, अश्वगंधासिद्ध दूध आणि सर्वांगास तीळतैलाचा अभ्यंग अशी योजना केली. जोडीला ‘रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसत जा’ असा सल्लाही दिला. मुलीने सर्व काही निष्ठेने केले. पहिल्या महिन्यात थोडा उपशय मिळाला, म्हणून आम्ही तीच चिकित्सा चार महिने चालविली.

चौथ्या महिन्यात तिची आई सहज बोलून गेली, ‘‘हल्ली जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठतच नाही हो ही.’’ हे वाक्य ऐकताच आम्ही सावध झालो. मांड्यांच्या व नितंबांच्या पेशींचे असे दौर्बल्य हे अस्थिमार्दवाचे, ज्यास आधुनिक शास्त्र ऑस्टिओमलेशिया म्हणते त्याचे, ठळक लक्षण होय. रक्त तपासले तेव्हा अल्कलाइन फॉस्फटेज बरेच वाढलेले आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी प्रति मि.लि. अवघी ६ नॅनोग्रॅम आढळली. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने तिला ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम सुरू झाले आणि तीन महिन्यांत ती हात न टेकता उठू लागली.

अधिक चौकशी केली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. आमच्या सांगण्यावरून ती रोज सकाळी सात वाजता गॅलरीत उन्हात बसत होती. ती गॅलरी काचेने बंद केलेली होती. सल्ला आम्ही दिला होता, तिने तो तंतोतंत पाळला होता आणि त्यातून तिच्या हाडांस जवळजवळ काहीही मिळाले नव्हते. चार महिने वाया गेले ते तिच्या वाढीच्या वयातील होते, ही बोच आजही मनात आहे.

परत न येणारी वर्षे

चरकाचार्यांनी सोळा वर्षांपर्यंतचे वय अपरिपक्व धातूंचे आणि त्यापुढे तीस वर्षांपर्यंतचे वय वर्धमान धातूंचे मानले आहे. सुश्रुताचार्यांनीही विसाव्या वर्षापर्यंतच्या काळास वृद्धीचा काळ म्हटले आहे. आधुनिक शास्त्राची मोजमापे याच्याशी विसंगत नाहीत. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. या वेगवान वाढीच्या सुमारे दोन वर्षांत प्रौढ माणसाच्या अस्थींतील एकूण खनिजांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा साठविला जातो. वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षापर्यंत हा संचय सुमारे नव्वद टक्के पूर्ण झालेला असतो.

याचा व्यावहारिक अर्थ आपण नीट ध्यानी घेतला पाहिजे. साठाव्या वर्षी खुब्याचे हाड मोडलेली जी आजी आपल्याकडे येते, तिच्या अस्थिक्षयाचे बीज काही अंशी तिच्या चौदाव्या वर्षी पेरले गेलेले असते. उतारवयात आपण क्षय मंदावू शकतो, परंतु किशोरवयात न झालेला संचय नंतर भरून काढणे दुरापास्त. म्हणूनच या वयातील मुलगी ‘पाय दुखतात’ म्हणून दारी येते तेव्हा तिच्या पुढील पन्नास वर्षांच्या अस्थिबलाचा प्रश्न आपल्यापुढे असतो, हे भान सुटता कामा नये.

गरज किती, तूट किती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या शिफारशींनुसार १० ते १२ वर्षे वयात दररोज ८५० मि.ग्रॅ., १३ ते १५ वर्षे वयात १००० मि.ग्रॅ. आणि १६ ते १८ वर्षे वयात १०५० मि.ग्रॅ. कॅल्शियम हवे. ‘ड’ जीवनसत्त्वाची शिफारस दररोज ६०० आंतरराष्ट्रीय एकके, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम इतकी आहे.

प्रत्यक्षातील चित्र काय आहे? २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुलामुलींत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. एक ते चार वर्षांच्या बालकांत हेच प्रमाण १४ टक्के व पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत १८ टक्के होते. म्हणजे मूल जसजसे मोठे होते आणि त्याच्या अस्थींची गरज वाढते, तसतशी तूटही वाढत जाते. याच सर्वेक्षणात किशोरवयीनांपैकी ३१ टक्क्यांमध्ये ‘ब-१२’ची कमतरता दिसून आली. हाडांच्या तक्रारीसोबत येणारा थकवा व अनुत्साह पाहताना हाही आकडा स्मरणात ठेवावा.

अस्थी म्हणजे केवळ चुना नव्हे. तिच्या मूळ ताण्याबाण्यासाठी, म्हणजे कोलॅजनसाठी, ‘क’ जीवनसत्त्व लागते. त्यात खनिज बसविणाऱ्या ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनाच्या कार्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते, जे हिरव्या पालेभाज्यांत असते. पुरेशी प्रथिने व मॅग्नेशियमही हवेच. परंतु या सर्वांत ‘ड’ जीवनसत्त्वाचे स्थान निराळे आहे, कारण आहारातील कॅल्शियम आतड्यांतून शोषले जाण्याची किल्ली त्याच्याकडे आहे. ते नसेल तर ताटातील कॅल्शियमचा बराचसा भाग मलावाटे निघून जातो.

कोवळ्या उन्हाचा गैरसमज

सूर्यप्रकाशाने मुडदूस बरा होतो हे ज्ञान शंभर वर्षांहून जुने आहे. १९१९ मध्ये बर्लिनचे हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून मुडदूस झालेली मुले बरी केली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मेलनबी यांनी आहारातील विशिष्ट स्निग्ध पदार्थांनी कुत्र्यांच्या पिलांतील मुडदूस टाळता येतो हे दाखविले, आणि १९२२ मध्ये अमेरिकेतील मॅकॉलम यांनी त्या घटकास ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव दिले.

त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण अतिनील-ब या वर्गातील असतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना हे किरण वातावरणाचा लांब पल्ला ओलांडताना बहुतांशी शोषले जातात. सकाळी सहा-सातचे ऊन डोळ्यांस व मनास सुखद असते, तेलाने माखलेल्या तान्ह्या बाळास ते ऊब देते, परंतु ‘ड’ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने ते फार दुबळे असते. साधा नियम असा, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच त्या उन्हाचा या कामी खरा उपयोग. आपल्याकडे हा काळ साधारणतः सकाळी दहा-साडेदहानंतर दुपारी तीनपर्यंतचा येतो. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. धूर व धुळीने कोंदलेल्या शहरी हवेत ते आणखी क्षीण होतात. सावळ्या त्वचेस त्याच कामासाठी अधिक वेळ लागतो.

आता आपल्या शहरातील एखाद्या अकरावीतील मुलीचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. पहाटे क्लास, मग महाविद्यालय, दुपारी पुन्हा क्लास, संध्याकाळी अभ्यासिका. दुचाकीवरून जाताना चेहऱ्यावर स्कार्फ, हातांत मोजे, अंगावर सनकोट. सूर्यदेवाने तिला गाठावे कोठे? खेड्यातही परिस्थिती बदलत आहे. शेतावर राबणारी मुले वेगळी, परंतु वसतिगृहात राहून स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा खेड्यातील मुलगा शहरी मुलाइतकाच उन्हास पारखा झालेला असतो. कोकणात तर पावसाळ्याचे चार महिने ऊनच दुर्मीळ.

म्हणून ‘कोवळ्या उन्हात बसा’ हा आपला पिढीजात सल्ला बदलणे आवश्यक आहे. डोक्यावर टोपी, हातपाय उघडे, आठवड्यातून निदान चार-पाच दिवस पंचवीस-तीस मिनिटे, मधल्या सुट्टीत किंवा सुट्टीच्या दिवशी मैदानावर, असे स्पष्ट शब्दांत सांगावे. पित्तप्रकृतीच्या मुलास व विदर्भातील वैशाख वणव्यात अर्थातच तारतम्य हवे. तेथे दहा-साडेदहाची वेळ आणि कमी अवधी योग्य.

प्रवाळाचा हिशोब

आता आपल्या औषधांकडे वळू. प्रवाळ, मौक्तिक, शुक्ती, शंख व वराटिका ही सर्व द्रव्ये मूलतः कॅल्शियम कार्बोनेटची आहेत, हे आपण पदवी अभ्यासक्रमातच शिकतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनाचा ४० टक्के भाग कॅल्शियमचा असतो. प्रवाळपिष्टी आपण २५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा देतो, असे धरू. एकूण ५०० मि.ग्रॅ. पिष्टीतून फार तर २०० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळेल, तेही सर्व शुद्ध आहे असे मानून. पंधरा वर्षांच्या मुलीची गरज १००० मि.ग्रॅ.ची. पावशेराच्या आत असलेल्या एका पेलाभर, म्हणजे २०० मि.लि., दुधातून सुमारे २४० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळते. याचा अर्थ कॅल्शियमचा पुरवठा एवढ्याच हिशोबाने पाहिले तर आपली महिन्याभराची महागडी पिष्टी ही रोजच्या एका पेला दुधाहून कमी भरते. आणि ‘ड’ जीवनसत्त्व तर तिच्यात मुळीच नाही.

यावरून प्रवाळ निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पित्तशमन, दाहप्रशमन, अम्लपित्त, रक्तपित्त यांत त्याचे स्वतःचे कार्य आहे आणि ते आपण रोज अनुभवतो. आमचे म्हणणे एवढेच, की प्रवाळास ‘आयुर्वेदिक कॅल्शियम’ असे नाव देऊन आपण त्याच्यावर दुहेरी अन्याय करतो. त्याचे खरे गुण झाकले जातात आणि जे काम त्याचे नाही ते त्याच्या माथी मारले जाते. क्षारीय शंखभस्म वाढत्या वयाच्या मुलास महिनोन् महिने ‘हाडांसाठी’ देणे तर शास्त्रासही धरून नाही.

शास्त्राचे नाव घेताना

आपल्यातील काही अभ्यासू मित्र म्हणतात, ‘‘हे सर्व आपल्या ग्रंथांत आधीच आहे.’’ डल्हणाचार्यांनी पुरीषधरा कलेसच अस्थिधरा म्हटले आहे. त्याचा संबंध आतड्यांतील कॅल्शियमशोषणाशी जोडण्याचा मोह आम्हांसही होतो. चिकित्सेच्या दृष्टीने हा विचार उपयुक्त आहे यात संशय नाही. ज्या मुलीचा अग्नी मंद आहे, जिला ग्रहणीची तक्रार आहे, तिच्या अस्थींचे पोषण होणार नाही, हे सूत्र त्यातून हाती लागते आणि ते व्यवहारात खरे ठरते. अस्थिगत विकारांत तिक्तरसाने सिद्ध क्षीर व घृताचे बस्ती सांगितले आहेत, त्यामागेही पक्वाशय, वायू व अस्थी यांच्या नात्याची सूक्ष्म जाण आहे.

परंतु याचा अर्थ ‘ड’ जीवनसत्त्व आपल्या आचार्यांस ठाऊक होते असा नव्हे. चरकसंहितेत आतपसेवनाचा उल्लेख लंघनाच्या दहा प्रकारांत आणि निरग्नी स्वेदांत येतो. अस्थिपोषणासाठी सूर्यप्रकाश आवश्यक आहे असे तेथे म्हटलेले नाही. ज्या काळी मुलांचे अर्धे आयुष्य अंगणात व शेतावर जात होते, त्या काळी उन्हाची उणीव हा रोगहेतू म्हणून नोंदविण्याचे कारणच नव्हते. आज तो हेतू निर्माण झाला आहे. बुद्धिमंतास सारे जगच गुरूस्थानी असते, हा चरकांचा विचार आपण सभांमधून अभिमानाने सांगतो. मग रक्ततपासणीच्या एका कागदापासून शिकताना कमीपणा का वाटावा? हेतू ओळखून तो दूर करणे हीच निदानपरिवर्जनाची चिकित्सा आहे, आणि ती सर्वस्वी आपली आहे.

दुसरे टोक

याच्या उलट अनुभवही सांगितला पाहिजे. चौदा वर्षांचा एक मुलगा छर्दी, मलबद्धता, अतितृष्णा व वारंवार मूत्रप्रवृत्ती या तक्रारी घेऊन आमच्याकडे आला. प्रथमदर्शनी अजीर्ण वाटावे असेच लक्षणचित्र होते. परंतु पूर्वीच्या चुकीने शहाणे झाल्यामुळे आम्ही घरात चालू असलेली सर्व औषधे मागवून घेतली. त्यांत ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पाकिटे निघाली. ही मात्रा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. उंची वाढावी म्हणून आईने ती दुकानातून परस्पर आणली होती आणि चाळीस दिवस रोज एक याप्रमाणे दुधातून दिली होती. चाळीस दिवसांत चोवीस लाख एकके! अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०११ च्या अहवालाने नऊ वर्षांवरील व्यक्तीसाठी चिकित्सकाच्या देखरेखीविना दिवसाला ४००० एककांची कमाल मर्यादा सांगितली आहे. मुलाच्या रक्तातील कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर होते. त्याच दिवशी त्यास रुग्णालयात पाठविले आणि तो बचावला.

स्निग्ध पदार्थांत विरघळणारे हे जीवनसत्त्व मेदात साठून राहते, जास्त झाले तर मूत्रावाटे सहज निघून जात नाही. कॅल्शियम वाढून वृक्कांस इजा होऊ शकते. तेव्हा ‘जीवनसत्त्वच आहे, जास्त झाले तरी काय बिघडणार’ हा समज घातक आहे.

याच संदर्भात उंची वाढविण्याच्या औषधांविषयी एक कायदेशीर बाब नमूद करतो. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याच्या अनुसूचीत शरीराच्या उंचीचाही समावेश आहे. म्हणजे अमुक औषधाने उंची वाढते, अशी जाहिरात करणे हाच गुन्हा ठरतो. तरीही दुकानांच्या दर्शनी भागात अशा डब्या व फलक झळकताना दिसतात. मुलाच्या हाडांची वाढपट्टी मिटत आली की कोणत्याही वटीने उंची वाढत नाही, हे पालकांस स्पष्ट सांगण्याचे धैर्य आपल्यात हवे.

चिकित्सालयात काय करावे

प्रत्येक मुलाचे ‘ड’ जीवनसत्त्व तपासा, असे आम्ही म्हणत नाही. ती तपासणी महाग आहे आणि लक्षणे नसलेल्या निरोगी मुलांत ती सरसकट करू नये, असेच अलीकडील शास्त्रीय मतही आहे. परंतु पाच प्रश्न विचारण्यास खर्च येत नाही. दिवसा उन्हात किती वेळ जातो व तो कोणत्या प्रहरी? दूध, दही, ताक, नाचणी, तीळ यांपैकी रोज पोटात काय जाते? मैदानावर धावणे-उड्या मारणे होते काय? भूक, पचन व मलप्रवृत्ती कशी आहे, मुलींत आर्तव नियमित आहे काय? आणि जमिनीवरून उठताना, जिना चढताना आधार लागतो काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, पाय धनुष्याकृती वा गुडघे जुळलेले दिसले, किंवा क्षुल्लक कारणाने अस्थिभग्न झाला असेल, तर तपासणी टाळू नये. अशा वेळी अल्कलाइन फॉस्फटेजची स्वस्त तपासणीही पुष्कळ काही सांगून जाते. ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी १२ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ती निश्चित कमतरता समजावी, हे मुडदुसाविषयीच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीचे मत आहे. अशा मुलास बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे आणि आपली चिकित्सा त्यास पूरक म्हणून चालवावी.

काही लक्षणे याहूनही गंभीर असतात. एकाच बाजूचे, गुडघ्याजवळचे, रात्री झोपेतून उठविणारे व दिवसेंदिवस वाढणारे दुखणे, त्यासोबत सूज, ज्वर किंवा वजन घटणे असेल, तर अर्बुद, राजयक्ष्मा अथवा रक्ताचा कर्करोग यांची शंका घेऊन त्वरित क्ष-किरण परीक्षा व तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तेथे अभ्यंगात घालविलेला एक महिनाही भारी पडतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील फ्लोराइडनेही हाडे व दात बिघडतात. तेथे पाण्याची चौकशी आधी करावी.

आहाराविषयी सांगताना मुलांच्या घरातील ताटातूनच मार्ग काढावा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मि.ग्रॅ. कॅल्शियम असते. तिला मोड आणून केलेले सत्त्व वा आंबवून केलेली आंबील घेतल्यास तिच्यातील शोषणास अडथळा आणणारे घटक कमी होतात. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, तिळाची चटणी, घरचे दही-ताक यांचा आग्रह धरावा. पालकाच्या भाजीतील कॅल्शियम मात्र ऑक्झलेटमुळे फारसे अंगी लागत नाही. किनारपट्टीवर बांगडा व तारली यांतून ‘ड’ जीवनसत्त्वही मिळते आणि काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतून कॅल्शियम. आवळ्याने ‘क’ जीवनसत्त्वाची गरज भागते. वडे-वेफर्स-इन्स्टंट नूडल्सच्या अतिरिक्त मिठाने मूत्रावाटे कॅल्शियम अधिक जाते, हे मुलांस समजावून सांगावे. वजन घटविण्याच्या हव्यासाने दूध व तूप सोडलेल्या मुलींकडे विशेष लक्ष द्यावे. स्नेहाशिवाय ‘ड’ जीवनसत्त्वाचे शोषण नीट होत नाही.

आणि खेळ! हाडांवर भार व धक्का पडल्यावाचून ती बळकट होत नाहीत. खो-खो, लंगडी, कबड्डी, दोरीवरच्या उड्या हे आपले स्वस्त व उत्तम अस्थिवर्धक योग होत. मधल्या सुट्टीतील मैदानी खेळात ऊन व व्यायाम दोन्ही एकाच वेळी साधतात. परीक्षेच्या वर्षी खेळाचा तास बंद करणाऱ्या शाळांना आपण वैद्यांनी जाऊन हे सांगावयास हवे.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

आपल्या दुकानात येणारा ग्राहक कित्येकदा वैद्याकडे जाण्यापूर्वी आपल्याकडे येतो. त्यामुळे आपली जबाबदारी आमच्याहून कमी नाही. सोळा वर्षांच्या मुलासाठी कोणी ‘हाडांचे औषध’ मागितले तर दोनच गोष्टी विचाराव्यात. त्रास किती दिवसांचा आहे, आणि आधी काय चालू आहे? महिन्याहून अधिक काळचा त्रास असेल तर औषध न देता वैद्याकडे पाठवावे. ६०,००० एककांची पाकिटे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि देताना ‘आठवड्यातून एकच’ हे शब्द मराठीत मोठ्या अक्षरांत पाकिटावर लिहून द्यावेत. ज्या डबीवर वनस्पतींसह ‘ड’ जीवनसत्त्वही छापलेले असते ती आयुर्वेदीय औषध म्हणून विकू नये. तीन ठिकाणांहून तीन उत्पादने घेणाऱ्या मुलाच्या पोटात एकच घटक तिप्पट जाण्याचा धोका त्यातूनच उद्भवतो. एखादी विक्री कमी होईल हे खरे, पण ज्या दुकानाने ‘हे तुम्हाला लागत नाही’ असे एकदा सांगितले, त्या दुकानावर कुटुंब पुढची वीस वर्षे विश्वास ठेवते, असा आमचा अनुभव आहे.

ती मुलगी आता पदवीधर झाली आहे. मध्यंतरी आपल्या धाकट्या भावास घेऊन ती आमच्याकडे आली होती. त्याच्या पिंढऱ्या दुखत होत्या. आम्ही नाडी पाहण्यापूर्वीच ती म्हणाली, ‘‘सर, याला दुपारच्या सुट्टीत मैदानावर पाठवते आहे. गॅलरीत नाही बसवत.’’ आमच्या चार महिन्यांच्या चुकीतून त्या घरास एवढे तरी मिळाले. आपल्या प्रत्येकाच्या चिकित्सालयात व दुकानात अशी घरे येत असतात. येत्या त्रैमासिकात वैद्यबांधवांनी व औषधविक्रेत्यांनी आपापले अनुभव, विशेषतः फसलेले अनुभव, निःसंकोचपणे लिहावेत, अशी नम्र विनंती करून येथेच थांबतो.